चार पाट्यांचा एकच तक्ता

माझ्या नणंदेला आकडे दाबायची नोकरी मीच लावली आणि मीच घालवली. दोन्ही वेळेला मी स्वतःवर बेहद्द खूष होते, आणि आज आठवताना मान खाली जाते ती त्या खुषीमुळेच.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मालवणातल्या एका तांत्रिक कॉलेजात मी शिकवत होते. माहेर कोल्हापूरकडचं, गणितात एम.एस्सी., आणि लग्न होऊन इथे समुद्राकाठी 'येऊन पडलेली'. हा माझा तेव्हाचा शब्द. तेव्हाच्या त्या बाईला कुणी आज माझ्यासमोर आणून उभं केलं, तर आधी मी तिच्या नाकावरचा तो भलामोठा चष्मा काढून घेईन आणि मग चार शब्द ऐकवीन. ती पर्समध्ये नेहमी लाल पेन ठेवायची. घरातसुद्धा. दुधवाल्याचा हिशोबही ती लाल पेनाने तपासायची आणि त्याच्या चुकीखाली रेघ ओढून त्याला दाखवायची. दूधवाला गरीब स्वभावाचा, नाहीतर त्याने दूध बंद केलं असतं.

घर मालवणच्या अलीकडे, एसटीच्या रस्त्यावरच. घरात आम्ही तिघी: सासूबाई, नणंद आणि मी. नवरा कणकवलीला नोकरीला, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा, त्यामुळे घरातल्या लढायांमध्ये त्याला कोणत्याच बाजूने भाग घ्यावा लागत नसे. नणंद माझ्यापेक्षा थोडी लहान. मॅट्रिक झालेली. तिला स्थळं येत आणि ती प्रत्येकात काहीतरी काढी. एकाचे कान, दुसऱ्याची आई, तिसरा जेवताना फार आवाज करतो. सासूबाई कातावल्या होत्या.

"हिका राजपुत्र होयो," त्या मला ऐकवत, जणू मीच कोल्हापूरहून एखादा मागवणार होते.

आता त्या यंत्राविषयी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमच्या प्राचार्यांना वेड होतं ते बंदरातल्या भरती-ओहोटीच्या वेळा वर्षभर आधी काढून ठेवायचं. ते साताऱ्याकडचे. समुद्र त्यांनी नोकरी लागल्यावर पहिल्यांदा पाहिला, आणि माणूस उशिरा प्रेमात पडला की जरा जास्तच पडतो. तेव्हा कॉलेजात आतासारखे कॉम्प्युटर नव्हते. होती ती शिकवण्यासाठी आणलेली प्रोसेसरची किट: एक सर्किट बोर्ड, त्याला कॅल्क्युलेटरसारखी बटणं, आणि आकडे दाखवणारी लहानशी लाल खिडकी. आम्ही त्याला पाटी म्हणायचो. एका पाटीला वर्षभराचा हिशोब दिला तर ती दिवसच्या दिवस बसे, आणि मध्ये वीज गेली की सगळं पुसून मोकळी. आमच्याकडे वीज जाण्यासाठीच यायची. म्हणून मी ठरवलं, चार पाट्या शेजारी शेजारी मांडायच्या आणि वर्षाचे चार तुकडे करायचे. चौघींनी एकाच वेळी आपापले तीन महिने काढायचे. काम चारात वाटलं की वीज जायच्या आत संपेल.

कल्पना चांगली होती. अडचण एकच. प्रत्येक पाटीला हिशोबासाठी एक तक्ता लागायचा. चंद्राचा ओढा किती, सूर्याचा किती, आमच्या बंदरात पाणी किती मागेपुढे होतं, असे आकड्यांमागून आकडे. महिने वेगळे असले तरी तक्ता चौघींना तोच, अक्षरशः तोच. आणि तो हाताने, एकेक बटण दाबून भरायचा. टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायची सोय होती, पण आमच्या खाऱ्या दमट हवेत त्या कॅसेटने एकदा दिलेला आकडा दुसऱ्यांदा तसाच दिला असं कधी झालं नाही. त्यातून विद्यार्थी जेट्टीवरच्या खांबावरून पाण्याची नवी मापं आणत आणि प्राचार्य तक्ता सारखा बदलत. म्हणजे रोज सकाळी एकच तक्ता चारदा भरणं आलं. मला तासही होते. मी म्हटलं, सर, यासाठी एक माणूस लागेल. सरांनी पूर्ण दिवसाची रोजंदारी मंजूर केली, आणि मी दुसऱ्या दिवशी नणंदेला घेऊन गेले.

तिच्या त्या पहिल्या दिवसाचं मला फार काही आठवत नाही, कारण माझं लक्ष पाट्यांकडे होतं. आठवतं ते एवढंच, की तिने साडीला चार ठिकाणी पिना लावल्या होत्या आणि एसटीत खिडकीची जागा मिळाल्यावर ती सबंध वाट एक शब्द बोलली नाही. घरी बोलून बोलून आमचे कान किटवणारी बाई. संध्याकाळी परतताना मात्र तोंड थांबेना. कुणी कुणाला चहा दिला, कोणत्या सरांच्या शर्टाचं बटण तुटलं होतं, सगळं.

सासूबाईंनी त्याच आठवड्यात वटहुकूम काढला. "नोकरी आसा तवसर मी काय बोलूचंय नाय. नोकरी सुटली की मात्र माझा ऐकाक होया. जो पयलो येतलो तेका हो म्हणूचा."

"म्हणतंय," नणंद म्हणाली. तिला वाटलं, नोकरी कशाला सुटते.

तिची काम करायची पद्धत अशी. कागद समोर, बोट कागदावर, दुसऱ्या हाताचं बोट बटणावर, आणि तोंडाने आकडे ठेक्यात म्हणायचे, फुगडीच्या गाण्यासारखे. एक पाटी झाली की बूड उचलून पुढच्या स्टुलावर. चारही भरून झाल्या की प्रत्येक पाटीवर एक बटण होतं, ते दाबलं की त्या पाटीतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज लाल खिडकीत दिसे. चौघींची बेरीज सारखी आली की तक्ता बरोबर. एकीची वेगळी आली की तिच्यात चूक, ती पुन्हा भरायची. बरोबर बेरीज कोणती हे आधी कुणालाच ठाऊक नसे, कारण तक्ता बदलत राही. चौघींचं एकमेकींशी पटतंय का, एवढंच पाहायचं.

चुका ती करायची. भरपूर करायची. पण एकीत इथे, दुसरीत तिथे. एकाच जागी ती चौघींत चुकली असं कधी झालं नाही.

"तू दर वेळी नवी चूक करतेस," मी एकदा कुरकुरले.

"जुनी करूक माका कंटाळो येता," ती म्हणाली.

मी लाल पेन बाहेर काढलं नाही, हेच नशीब.

दुपारनंतर पाट्या सुरू होत. चार लाल खिडक्यांत आकडे पळू लागत आणि ती स्टूल ओढून बघत बसे. एकदा तिने विचारलं, "ह्येंका कसा कळता, खयचे आकडे कधी घेवचे ते?" मी म्हटलं, ते प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. "ता लिवक माका शिकव." मी म्हटलं, शिकवीन की, तुझा भरण्याचा वेळ जरा वाचू दे. हे मी अगदी मनापासून म्हटलं होतं. त्या काळातली मी मनापासून पुष्कळ गोष्टी म्हणायची.

मग एका सकाळी वीज दोनदा गेली आणि तिला सगळं पुन्हा पुन्हा भरावं लागलं. तिसऱ्या खेपेला चौथ्या स्टुलावर बसताना ती वैतागून म्हणाली, "शाळेत आमी बाजूवालीचा बघून लिवलंव, तसा ह्येंका जमणा नाय काय गो, वयनी? तिघीजणी नुसत्या बसान ऱ्हवतत."

मी हसले. बसमध्ये मात्र मला हसू येईना. कारण जमण्यासारखं होतं. पाट्यांना मागच्या बाजूला एकमेकींशी बोलायची तार जोडता येत होती. तक्ता एकीतच भरायचा, बाकीच्यांनी तारेतून उतरवून घ्यायचा. त्याहून पुढचं म्हणजे, एखाद्या पाटीचा प्लग हलला आणि तिच्या मेमरीतलं सगळं गेलं, तर शेजारणीकडे तोच तक्ता आहेच की. तिने तो मागून घ्यायचा आणि काम पुढे न्यायचं, घरात विरजण संपलं की शेजारी वाटी पाठवतात तसं. एकच मजकूर चार ठिकाणी असणं हे ओझं म्हणून आम्ही वाहत होतो, आणि तीच तर सोय होती.

ते जमवायला मला बरेच आठवडे लागले. तारा नणंदेनेच धरल्या. पहिल्यांदा पहिल्या पाटीतला तक्ता सरसर बाकी तिघींत उतरला, चौघींची बेरीज एक आली, तेव्हा ती माझ्याआधी ओरडली. मग मी मुद्दाम तिसरीचा प्लग काढला, परत लावला, आणि तिसरीने शेजारणीकडून तक्ता घेऊन काम चालू केलं. नणंदेने दुपारी स्वतःच्या पैशांनी सगळ्या खोलीला बटाटेवडे आणले. "आता दोपारपासून माका शिकव," ती म्हणाली. तिला वाटलं, वाचलेला वेळ तिचा.

प्राचार्यांनी सभा घेतली. सगळे शिक्षक, वरच्या वर्गाचे विद्यार्थी, आणि मागे दाराशी ऑफिसातली मंडळी, त्यात नणंद. माझा सत्कार झाला. शाल आणि श्रीफळ. एप्रिलमध्ये लोकरीची शाल. मी भाषण केलं आणि त्यात विरजणाची उपमा दिली, लोकांना आवडली. बाजूवालीचं बघून लिहायची गोष्ट मी सांगितली नाही. तशी ती सांगण्याजोगी आहे असं मला वाटलंच नाही, शाळेतल्या कॉपीची ती गोष्ट, सत्काराला शोभली नसती.

मग प्राचार्य उभे राहिले. म्हणाले, "बाईंच्या या युक्तीने वेळ वाचला आणि संस्थेचा खर्चही वाचला. तक्ता आता एकदाच भरायचा आहे, ते काम बाई स्वतः सकाळी करू शकतील. तेव्हा रोजंदारीच्या जागेची आता आपल्याला गरज उरली नाही."

टाळ्या झाल्या. मी मागे पाहिलं. नणंदसुद्धा टाळ्या वाजवत होती. तिचे हात आधी सुरू झाले होते आणि वाक्य नंतर पोचलं होतं, मग ते थांबवायचे कसे हे तिला कळेना, असं काहीतरी. बोलून झाल्यावर सरांनी माइक माझ्याकडे दिला होता. हातात, चालू. मला म्हणता आलं असतं, सर, एक मिनिट. मला म्हणता आलं असतं की ही युक्ती मुळात कुणी सुचवली. मी माइक पुढच्या माणसाकडे दिला आणि शाल नीट केली.

परतीच्या बसमध्ये तिने नारळ मांडीवर घेतला, कारण माझ्या हातात शाल आणि वह्या होत्या.

"नारळ जड आसा," ती म्हणाली. मग तो मांडीवर सरळ करून म्हणाली, "मगे उद्यापासून माका येवचा नको, तसाच ना?"

"मी बोलते सरांशी."

"कधी?"

"बोलते ना. दोन दिवसांत."

घरी सासूबाईंनी नारळ फोडला. पाणी तिघी वाटून प्यायलो आणि संध्याकाळच्या कालवणाला तोच नारळ वाटला. कालवण फार चांगलं झालं होतं. जेवताना सासूबाईंना नोकरीचं कळलं. त्या ओरडल्या नाहीत, आणि तेच मला जड गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "इन्सुलीचा स्थळ मी अजून नाय म्हणान सांगूक नाय."

इन्सुलीचं स्थळ म्हणजे एक बिजवर. हायवेवर, नाक्याजवळ त्याचं हॉटेल. दोन मुलं. माणूस वाईट नव्हता, मी स्वतः पाहिला होता, फक्त त्याला हॉटेलात हाताखाली माणूस हवं होतं आणि घरात मुलांना आई, आणि या दोन्हींची मिळून तो एकच जाहिरात करत होता.

"मी म्हटला हुता म्हणतंय," नणंद म्हणाली, "तर म्हणतंय." आणि भात वाढून घेतला.

त्यानंतर मी सरांशी बोलले नाही. सोमवारी सर मीटिंगमध्ये होते. मंगळवारी त्यांचं डोकं दुखत होतं. बुधवारी त्यांचं दार उघडं होतं, तर मला तास होता. तेव्हाच्या त्या बाईला कारणं शोधायला मुळीच त्रास पडत नसे, प्रमेयं सिद्ध करायची सवय होती. सकाळी मी एकटी बसने जाई, तक्ता एकदा भरे, तारा जोडे, आणि चौघींची बेरीज एक आली की समाधानाने चहा घेई. रोज एकच येई. एकदाही भांडण नाही. मी सरांना सांगितलं, सर, नवीन पद्धतीत चुका जवळजवळ बंद झाल्या आहेत. हे वाक्य मी खरोखर बोलले. गणितात एम.एस्सी. झालेल्या बाईने.

घरी इकडे इन्सुलीची माणसं पुढच्या-पुढच्या रविवारी बोलणीला यायची ठरली. नणंद अंगणात मिरच्या वाळत घाली आणि मी आले की आत जाई.

मग कॉलेजात वरून पाहुणे आले, तपासणीला. प्राचार्यांनी ठरवलं, हिशोब कागदावर दाखवण्यात काय मजा, समुद्रावरच दाखवू. जेट्टीवर खुर्च्या मांडल्या, छत्र्या धरल्या, सरबत फिरवलं. खांबावर लाल रंगाची रेघ मारली होती. आमच्या यंत्राप्रमाणे अमुक वेळेला पूर्ण भरती आणि पाणी त्या रेघेला टेकणार. सर हातातल्या घड्याळाकडे बघत उभे. पाहुणे रेघेकडे बघत बसले. वेळ झाली. पाणी रेघेच्या बरंच खाली होतं. आणखी थोडं थांबलो. पाणी आणखी खाली गेलं. रेघेखालचे शेवाळ धरलेले दगड उघडे पडायला लागले आणि त्यांच्यावर खेकडे हिंडू लागले.

"समुद्राला आज जरा उशीर होतोय," सर म्हणाले.

पाहुण्यांतला एक हसला, मग सगळे हसले, सरही हसले, पण सरांचे कान लाल झाले होते. भरती येऊन कधीच गेली होती. आम्ही सगळे तिच्या पाठीकडे बघत सरबत पीत होतो.

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. सासूबाई दारातच म्हणाल्या, "घाटावरच्यानी दर्याक येळ दिलो, आणि दर्यान पाळल्यान नाय म्हणतत."

दुसऱ्या दिवशी मी तारा काढल्या. रात्रभर वीज गेली नव्हती हे नवल, म्हणून पहिल्या पाटीत आदला तक्ता होता तसाच राहू दिला, आणि दुसरीत तो कागदावरून नव्याने भरला, नणंद भरायची तसा, बोट ठेवून, ठेक्यात म्हणून. बेरजेचं बटण दाबलं. दोघींची बेरीज वेगळी. एकेक आकडा काढून ताडत गेले तेव्हा सापडलं. चंद्राच्या मुख्य भरतीच्या आकड्यात मी सदतीसच्या जागी त्र्याहत्तर दाबलं होतं. पहिलीने ते इमानदारीने दुसरीला दिलं, तिसरीला दिलं, चौथीला दिलं. मग मी चौघींना विचारलं, बरोबर आहे का गं, आणि चौघी हो म्हणाल्या. म्हणणारच. चौघींनी एकीकडूनच ऐकलं होतं.

नणंदेचे चार तक्ते दिसायला एकसारखे होते, पण ते चारदा भरलेले होते. त्यातला एक फसला तर उरलेले तीन त्याला उघडं पाडत. मी ते चार एकात मिटवले आणि वर त्याच एकाच्या तीन नकला काढून त्यांना साक्षीला उभं केलं. नकला कामाच्या होत्याच. एक पाटी झोपली तर दुसरी तिला जागं करू शकत होती, ते मी केलेलं खोटं नव्हतं. पण जागं करणं वेगळं आणि तपासणं वेगळं, आणि तपासायचं काम ज्या बाईच्या बोटांनी होत होतं तिला मी टाळ्यांच्या गजरात घरी पाठवलं होतं.

त्या दिवशी सरांचं दार बंद होतं तरी मी आत गेले. चूक माझी, हे सांगितलं. कागद पुढे ठेवून आकडा दाखवला. मग म्हटलं, सर, तारेची सोय राहू दे, पण तक्ता हाताने चारदा भरायलाच हवा आणि ताडून मगच सुरू करायला हवं. माझी नणंद परत हवी. आणि हेही सांगते, की तारेची युक्ती मुळात तिचीच आहे. भरता भरता तीच म्हणाली होती, बाजूवालीचं बघून लिहिता येत नाही का म्हणून.

सरांनी कागद ओढून आकडा स्वतः ताडून पाहिला. माणूस सरळ होता. "हे तुम्ही सभेत का नाही बोललात?"

"अंगावर शाल होती, सर."

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"त्या दिवशी बोलला असतात तर जागा तशीच ठेवली असती," ते म्हणाले. "आता त्या पैशांतून सभागृहाला पडदे घेतले. पाहुणे येणार म्हणून." त्यांनी आकडेमोड केली, खोडली, पुन्हा केली. "अर्ध्या दिवसाचं जमतं. सकाळपुरतं. दोनदा भरून घ्या आणि ताडा."

दोन तक्ते जुळले नाहीत की चूक आहे एवढं कळतं, कुणाची ते कळत नाही. दर वेळी कागद घेऊन शोधत बसावं लागतं. हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, शोधा. आणखी एक गोष्ट आम्हा दोघांनाही ठाऊक होती, ती कुणी बोललं नाही. कॉलेजात पूर्ण दिवसाची रोजंदारी करणारे कधी ना कधी कायम होत. अर्ध्या दिवसाचे होत नसत.

घरी मी स्वयंपाकघरातच सांगून टाकलं, दोघींच्या देखत. नणंद मासे साफ करत होती. तिने विळीवरून मान वर केली नाही.

"अर्धो दिस?"

"हो. सकाळी. दुपारच्या गाडीने परत."

सासूबाईंनी विचार केला. त्यांच्या वटहुकुमात अर्ध्या नोकरीचं कलम नव्हतं. "अर्धी नोकरी आसा," त्या म्हणाल्या, "मगे अर्धां लगीन करूक होया."

"खयचां अर्धां?" नणंद म्हणाली. "हॉटेलाचां काय पोरांचां?"

सासूबाईंना हसू आलं आणि ते लपवायला त्या चुलीशी वाकल्या. तिथेच मला कळलं की स्थळ गेलं. इन्सुलीला निरोप नणंदेनेच पाठवला, की मुलगी सकाळी कामावर असते. ते बोलणीला आलेच नाहीत. थोड्याच दिवसांत त्या हॉटेलवाल्याने बांद्याकडची बायको केली, आणि तिचं बरं चाललंय असं ऐकलं.

नणंद सोमवारी माझ्याबरोबर बसमध्ये बसली. खिडकीची जागा मी तिला दिली, जणू खिडकी दिल्याने काही फिटतं. कॉलेजात तिने एक तक्ता भरला आणि दुसऱ्या स्टुलावर बसायला मला सांगितलं.

"दुसरो तू भर. माझीच दोन बोटां नको."

मी भरला. बेरजा जुळल्या नाहीत. शोधलं तर चूक माझी निघाली. तिने माझ्या पर्समधलं लाल पेन मागून घेतलं आणि माझ्या कागदावर त्या आकड्याखाली एक रेघ ओढली, सावकाश, सरळ. मग ताडून तारा जोडल्या, उरलेल्या दोघींत तक्ता उतरवला, आणि तिची वेळ संपली. पाट्या सुरू व्हायची वेळ आणि तिच्या गाडीची वेळ एकच होती. चारही खिडक्यांत आकडे पळायला लागत तेव्हा ती स्टँडवर असे.

प्रोग्रॅम शिकवायचं मी विसरले नव्हते. शिकवायची वेळ दुपारची होती आणि दुपार सरांनी पडद्यांना दिली होती. घरी शिकवायचा प्रयत्न मी केला, रविवारी, शाळेच्या साध्या पाटीवर खडूने, पण यंत्र समोर नसताना प्रोग्रॅम शिकणं म्हणजे कोरड्या अंगणात पोहायला शिकणं. ती थोडा वेळ ऐके, मग म्हणे, वयनी, तुझ्या मनाक बरा वाटाचा म्हणान मी किती येळ बसू.

एका दुपारी मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. ऊन मी म्हणत होतं. तिने छत्री उघडली आणि थांबली.

"एक विचारू? तेवा सभेत तू बोलली असतंस, तर माका आख्खो दिस गावलो असतो?"

मी म्हणू शकले असते की सांगता येत नाही. पैशांची अडचण होती, सरांचा स्वभाव, अशी कारणं अजून माझ्याजवळ शिल्लक होती.

"मिळाला असता," मी म्हटलं. "सरांनीच सांगितलं मला."

"बरां," ती म्हणाली. छत्री खांद्यावर टेकवली आणि गाडी चुकू नये म्हणून जरा भरभर चालत स्टँडकडे गेली.